ओढा कुणी खाल्ला?

चळवळीतल्या दोस्तांना एक घाण सवय लागलीय. पाखरांचा विषय काढला की हसतात. म्हणतात, हे पोट भरलेल्यांचे चोचले. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर हॅट, रविवारी पहाटे मोटारीतनं पन्हाळ्याला जायचं, पाखराचं इंग्रजी नाव घोकायचं, फोटो काढायचा आणि दुपारी वरणभात खाऊन झोपायचं. आपल्यापुढं नोकरी आहे, घर आहे, ॲट्रॉसिटीच्या केसा आहेत, मेलेल्या माणसाला जाळायला धड जागा नाही. आपण कशाला पाखरं मोजत बसायचं?

दुसरीकडं ते दुर्बीणवाले. त्यांना आम्ही दिसतच नाही, आणि दिसलो तर गुन्हेगार म्हणून दिसतो. शहरातल्या एका व्याख्यानात एक विद्वान पडद्यावर धनेशाचा फोटो लावून सांगत होता, गावाकडची माणसं लाकूडफाटा नेतात, गायरानं बळकावतात, म्हणून पाखरं गेली. गायरान म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढं कोण होतं ते मला कळलं. सभागृहातल्या सगळ्यांनाच कळलं. टाळ्या पडल्या.

मला दोघांनाही जाब विचारायचाय. कारण जंगलातलं पाखरू शेतीच्या मुलखात ज्या चिंधीवर जगतं त्याच चिंधीवर भूमिहीन दलितही जगतो. ओढ्याचा काठ, पाणंद, गायरान, मसणवटा, बांधावरचं एकटं झाड. ह्या चिंध्या खाणारा एकच आहे. दुर्बीणवाले त्याचं नाव घेत नाहीत, कारण तो त्यांचा सोयरा आहे. आपण घेत नाही, कारण निवडणुकीत तो आपला उमेदवार असतो.

मी कसबा बावड्याचा. शाहू महाराज जन्मले तो लक्ष्मीविलास पॅलेस आमच्या गावात. गावाच्या कडेनं पंचगंगा जाते. राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांवर गेलं, २०२१ ला ५६ फुटांवर. हे पाणी येतं कुठनं? दाजीपूरच्या जंगलातनं राधानगरीच्या धरणात, तिथनं भोगावतीनं खाली, वाटेत तुळशी, कुंभी, कासारीचं पाणी घेत प्रयाग चिखलीला, आणि तिथनं पंचगंगा होऊन आमच्या दारात. दाजीपूर इथनं रस्त्यानं ऐंशी किलोमीटरच्या आसपास. पाणी दरसाल न चुकता येतं. मग त्याच पाण्याच्या काठानं तिथलं पाखरू का येत नाही? ह्या प्रश्नाचं निम्मं उत्तर पाखराच्या पंखात आहे आणि निम्मं तलाठ्याच्या दप्तरात. दुर्बीणवाले पहिलं निम्मं सांगून थांबतात. आपण दोन्ही बघू.

अगदीच येत नाही असं नाही. बावड्यातल्या पिंपळाला फळ धरलं की तांबट येतो, कुटुर्गा येतो, कधी हरियालांचा थवा उतरतो. थंडीत हळद्या दिसतो. उन्हाळा सरताना एखादा नवरंग येतो. रात्रीचा प्रवास करणारं पाखरू, दमून पहाटे कुणाच्या परसात पडतं आणि लोक परदेशी पोपट समजून पिंजरा शोधायला लागतात. क्वचित धनेश. (जाता जाता पाखरांची नावं बघा. सुतार, तांबट, शिंपी, परीट, कोतवाल. ह्या देशानं झाडावरसुद्धा बलुतेदारी बसवली. आणि भारद्वाज मात्र ऋषीच्या गोत्राचा, तो दिसला की दिवस शुभ. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या गावातली मेलेली ढोरं साफ केली त्या गिधाडाचं नाव शिवी म्हणून वापरतात. ते काम आमच्याकडं पण होतं, त्यामुळं गिधाडाचं दुःख आम्हाला जरा जास्त कळतं.)

तर जी येतात ती बहुतेक फळं खाणारी, नाहीतर लांब पल्ल्याची. त्यांचं गणित सोपं आहे. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक ही एकाच घराण्यातली झाडं. उंबर फोडलं की आतनं केंबरं उडतात, ती केंबरंच ह्या झाडांचं लग्न लावतात. एका झाडाच्या फळात जन्मलेलं केंबरं उडून दुसऱ्या झाडाच्या कोवळ्या फळात शिरलं तरच बी धरतं. त्यामुळं सगळी झाडं एकदम फळून चालत नाही. आज इथं, पंधरवड्यानं तिथं, अशी बारमाही फळं चालू राहतात. इतर झाडांची फळं संपली तरी उंबराचं दुकान उघडं. म्हणून फळखाऊ पाखरू एका झाडावरनं दुसऱ्यावर, मैलोन्‌मैल, उसाच्या फडावरनं उडत जातं. खाल्लेलं बी तिसऱ्याच झाडाखाली टाकतं. बांधावरच्या एकट्या झाडाखाली कुणी न लावता जी रोपं उगवतात ती ह्या पाखरांची पेरणी. रोजगार हमीशिवायची.

पण झाडं एवढी तरी पाहिजेत की एक फळून संपलं की दुसरं उडायच्या टप्प्यात असेल. आणि खाणं मिळालं म्हणजे संसार झाला असंही नाही. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते, फट तेवढी ठेवते, नर बाहेरनं चारा भरवतो. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. आपल्याकडं झाड म्हातारं झालं की ते 'धोकादायक' होतं आणि त्याचा लिलाव होतो. पाच फुटी रोपांच्या वृक्षारोपणाचे फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांना विचारा, ह्यात धनेशानं संसार कुठं मांडायचा? पाखरू दिसलं म्हणजे जगलं, हा दुर्बीणवाल्यांचा भ्रम आहे. ते कदाचित नुसतं जेवायला आलेलं असतं. पिल्लं कुठं वाढवतं हा खरा प्रश्न.

आता न येणाऱ्यांचं बघू. शामा घ्या. किंवा जमिनीलगत, झुडपांच्या अंधारात किडे वेचणारी ती बारकी, तपकिरी पाखरं, ज्यांचा फोटो कुणी कॅलेंडरवर छापत नाही. भृंगराजाच्या मागं मिश्र थव्यानं फिरणारी. ह्यांचे पंख आखूड, गोलसर. फांदीवरनं फांदीवर उडी मारायला उत्तम, लांबच्या उडाणाला निकामी. डोळे सावलीला सरावलेले. उघड्या रानात ऊन डोळ्यांत घुसतं, वरनं शिक्रा टपलेला. त्यामुळं जंगलाची कड आली की हे पाखरू थांबतं. पुढं दोनशे पावलांवर दुसरं जंगल असलं तरी जात नाही.

कुणाला वाटेल मी फुगवून सांगतोय. तर पनामाचं ऐका. पनामाचा कालवा खणताना नदी अडवली, तळं झालं, आणि जंगलाचा एक डोंगर १९१४ पासून बेट होऊन बसला. पुढच्या काळात त्या बेटावरनं जंगलातली कितीतरी पाखरं कायमची गेली. का गेली ह्यावर वाद चालू होता. मग काही संशोधकांनी जंगलातली पाखरं धरली, होडीत घातली, काठापासनं शंभर, दोनशे, तीनशे मीटरवर नेऊन सोडली. काही जातींची पाखरं सहज काठाला गेली. काहींना शंभर मीटरसुद्धा जमलं नाही. पाण्यात पडली, होडीवाल्यांनी उचलून घेतली. हा प्रयोग २००८ साली छापून आला. आणि बेटावरनं ज्या जाती नाहीशा झाल्या होत्या त्या प्रामुख्यानं ह्याच, न उडणाऱ्या. न उडणाऱ्या म्हणजे पंख नसलेल्या नव्हेत. पंख शाबूत. शंभर मीटर उघडं पाणी ओलांडायला ते पुरे पडत नव्हते एवढंच.

ब्राझीलमध्ये मनौस शहराजवळ १९७९ पासून असाच एक मोठा अभ्यास चाललाय. जंगल तोडून गुरांची कुरणं करताना मधेमधे जंगलाचे तुकडे मुद्दाम राखले. काही अडीच एकरांचे, काही पंचवीस, काही अडीचशे एकरांचे. अडीचशे एकरांच्या तुकड्यातली झुडपांतली निम्मी पाखरं पंधरा वर्षांच्या आत संपतात असा हिशेब निघाला. झाडं उभी होती. बंदुका नव्हत्या. तरी पाखरं संपली. आणि दुसरं महत्त्वाचं. जिथं मधल्या मोकळ्या पट्ट्यात पुन्हा झुडपं माजली, तिथं गेलेल्यांतली बरीच पाखरं परत आली. म्हणजे जंगलाच्या तुकड्याचं मरण तुकड्यात नसतं, दोन तुकड्यांच्या मधल्या जमिनीत असतं. तुटल्याबरोबर सगळं मरत नाही, मरणाची उधारी चालते. जोड मिळाली नाही की व्याजासकट वसूल होते.

मधल्या जमिनीचं काय करायचं, हेही अभ्यासानं दाखवलंय. कोस्टारिका देशात कॉफीच्या आणि गुरांच्या मुलखात जंगली पाखरांच्या अंगावर बारके रेडिओ बसवून त्यांचा माग काढला, २००७ ला तो प्रसिद्ध झाला. पाखरं मोठ्या जंगलातच बसून नव्हती. शेतातली झाडं, राईचे तुकडे आणि ओढ्याकाठची झाडं ह्यांवर त्यांचं येणंजाणं, खाणंपिणं, काहींची घरटीसुद्धा चालू होती. आणि परदेश कशाला, आपल्या खालच्या अंगाला, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सुपारीच्या बागा दोन हजार वर्षांपासनं आहेत असं सांगतात. तिथल्या जंगलाशी जोडलेल्या पाखरांच्या नव्वद टक्के जाती ह्या बागांच्या मुलखात टिकल्यात असं २००८ च्या अभ्यासात आलं. दुर्बीणवाले हे उदाहरण फार आवडीनं देतात. बघा, आपली प्राचीन शेती कशी निसर्गाशी एकरूप!

थांबा. ती एकरूपता कुणाच्या नावावर होती तेही सांगा. त्या बागांना लागणारा पालापाचोळा शेजारच्या जंगलातनं, 'बेट्टा' म्हणतात त्यातनं यायचा. इंग्रजांनी बागेच्या मालकाला एका एकर बागेमागं कित्येक एकर बेट्ट्याचा हक्क लिहून दिला. बागाइतदारांत मोठा भरणा हव्यक ब्राह्मणांचा. पाला तोडून डोक्यावरनं आणणारे हात वेगळ्या जातीचे, त्यांच्या नावावर ना बाग ना बेट्टा. तरीही ह्यातनं मी एक गोष्ट उचलतो. पाखरू टिकलं ते देवभक्तीनं नाही, संस्कृतीनं नाही. बागेत सावली होती, कडेला जंगल होतं आणि जंगल तुटू न देण्यात मालकाचा फायदा होता. ज्याच्या हातात जमिनीचा हक्क असतो त्याचा फायदा कशात आहे त्यावर पाखराचं आयुष्य ठरतं.

आता आमच्याकडं या. इथं फायदा उसात आहे.

ऊस हे गवत आहे. बारा ते अठरा महिने माणसाच्या दुप्पट उंचीची हिरवी भिंत, आणि एका दिवसात तोडून सपाट. त्यात सुगरणीला, मुनियाला, वटवट्याला जागा आहे, ती शिवारातलीच पाखरं. जंगलातल्या पाखराला तिथं ना फांदी ना किडा ना ढोली. तोडणी झाली की पाचट पेटवतात, मग जमिनीवर जे काही अंडं-पिल्लू असेल ते गेलं. बरं, ऊस नुसता शेतात थांबला असता तरी चाललं असतं. तो थांबत नाही. उसाला सावली चालत नाही म्हणून बांधावरचं झाड जातं. मग बांध निमुळता होतो. मग ओढा.

आमच्या भागातला जुना ओढा ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. दोन्ही अंगानं करंज, उंबर, जांभूळ, मधेच वेळूचं बेट, शिंदीची झाडं, खाली निरगुडीची गच्च दाटी. माणूस आत शिरला तर दिसायचा नाही. पाणंद पण तशीच. दोन्हीकडं शेराचं नाहीतर निवडुंगाचं कुंपण, वर झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, भर दुपारी अंधार. ज्या पाखराला उघड्यावर शंभर मीटर जमत नाही त्याच्यासाठी ही वाट होती. डोंगरापासनं नदीपर्यंत झाकलेली वाट. तीच वाट आमच्या बायकांची पण होती. सरपण तिथलं, शेणी तिथल्या, शेळीचा पाला तिथला, उंबरं-जांभळं तिथली, वेळूचं काम करणाऱ्याचा वेळू तिथला, आणि आडोसाही तिथलाच. ज्याच्या नावावर एक गुंठा नाही त्याचं सगळं रान म्हणजे ही पट्टी. भूमिहीनाचा सातबारा म्हणा हवं तर, फक्त कागदावर नसलेला.

आज जाऊन बघा. ओढ्याच्या एका काठावरनं ऊस उतरत उतरत पाण्यापर्यंत आलाय, दुसऱ्या काठावरनं पण आलाय, मधे गटाराएवढी चर. कुठं ती चरसुद्धा नाही, पाइप टाकून वर माती ओढली. पाणंदींचं तसंच. कडेच्या शेतकऱ्यानं नांगराच्या एकेक तासानं ती खाल्ली, आणि मग पाणंद रस्ता योजनेतनं ती 'मोकळी' करायला जेसीबी आला तेव्हा त्यानं खाल्लेली जमीन काढली नाही, उरलेलं कुंपण उपटलं. रस्ता पाहिजेच, मी रस्त्याच्या विरोधात नाही, पावसाळ्यात पाणंदीतल्या चिखलातनं मयत न्यायचं म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे. पण मुरमाचा रस्ता करून कडेनं करंज ठेवता येत नाही असं कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात?

आणि आता कायद्याचं बोलू, कारण कायदा आपल्याला फार ऐकवला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. कलम २०: नद्या, ओढे, नाले, त्यांची पात्रं सरकारच्या मालकीची. कलम ५०: सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढून टाकता येतं. हेच कलम ५० गायरानावरच्या झोपडीला लागतं. २०२२ च्या अखेरीला मुंबई उच्च न्यायालयापुढं राज्यभरातल्या गायरान अतिक्रमणांचा दोन लाखांवरचा आकडा आला आणि नोटिसा सुटल्या. कोल्हापुरात लोक रस्त्यावर आले. ठीक. पण मला एक सांगा, त्या आकड्यासारखा ओढ्यांवरच्या अतिक्रमणांचा आकडा कुठल्या तहसीलदारानं कुठल्या न्यायालयापुढं ठेवला? झोपडीला कलम लागतं, उसाला लागत नाही? झोपडी दिसते आणि चाळीस गुंठे ऊस दिसत नाही?

सर्वोच्च न्यायालयानं २०११ ला जगपालसिंग खटल्यात सांगितलं, गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा. त्याच निकालात असंही आहे की भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं पट्टा दिला असेल तर त्याचा अपवाद होऊ शकतो. पहिलं वाक्य सगळ्या कचेऱ्यांना पाठ आहे, दुसरं कुणी वाचलेलं दिसत नाही. गायरान आम्ही चैन म्हणून धरलं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ ला पडीक जमीन भूमिहीनांना द्या म्हणून देशभर सत्याग्रह केला, माणसं तुरुंगात गेली. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यानं भूमिहीन शेतमजुराला दलित म्हटलं ते उगाच नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय १९९१ ला निघाला. कित्येक ठिकाणी तो फायलीतच झोपला.

दुर्बीणवाला इथं हटकून विचारतो: पण गायरानावर घरं झाली की पाखराची जागा जातेच ना? जाते. खोटं कशाला बोलू. माळावरच्या पाखराची तर फार जाते, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहिलं पाहिजे. पण गायरानावरच्या घराच्या दारात शेवगा असतो, पेरू असतो, एखादं जांभूळ असतं, कारण त्या बाईला सावली फुकटची पाहिजे असते. उसाच्या फडात काय असतं? ज्यानं ओढा खाल्ला त्याला सोडून जी झोपडीकडं बोट दाखवते त्या पक्षीप्रेमाला मी जातीय म्हणतो. सौम्य शब्द मला सापडत नाही.

यांच्या डोक्यात जंगल वाचवणं म्हणजे एकच गोष्ट. भिंत घाला, आतली माणसं बाहेर काढा. दाजीपूर राजांचं शिकारीचं रान होतं, १९५८ ला ते राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. १९८५ ला वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य. २०१२ ला युनेस्कोचा शिक्का. चांगलं आहे, ते जंगल राहिलंच पाहिजे. पलीकडं चांदोली, आधी अभयारण्य, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला व्याघ्र प्रकल्पात. तिथनं गावं उठवली आणि उठवलेल्यांना पुनर्वसनासाठी कलेक्टर कचेरीसमोर ठिय्या मारत बसावं लागलं. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यात आदिवासी नसलेल्यानं तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा आणायचा. ज्याच्या आज्याचं नाव कुठल्या कागदावर कुणी लिहूच दिलं नाही त्यानं!

एवढं सगळं करून पाखरू वाचलं का? भिंतीच्या आतलं आज वाचलं. पण राधानगरी, चांदोली, आंबा, आजरा, चंदगड ह्या जंगलांच्या मधे काय आहे? खिंडीत रस्ते, खोऱ्यात ऊस, डोंगरउतारावर रिसॉर्ट. पनामाचं बेट आठवा. तिथं भोवती पाणी होतं, इथं रस आहे. अभयारण्याच्या पाटीवर वाघाचं चित्र काढून शामाची वाट जोडली जात नाही. ती ओढ्यानं जोडली जाते. ओढा अभयारण्याच्या बाहेर आहे, आणि बाहेर आमदार आहे, चेअरमन आहे, त्यामुळं भिंतीबाहेर ह्या लोकांचा आवाज फुटत नाही.

देवरायांचं कौतुक पण ऐकून कान किटले. शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगडात देवराया आहेत, त्यांत म्हातारी झाडं आहेत, ढोल्या आहेत, पाखरांना त्या थांब्यासारख्या उपयोगी पडतात, हे सगळं खरं. पण ज्या देवाच्या भीतीनं ती राखली त्याच देवाच्या उंबऱ्याबाहेर आम्हाला उभं केलं. आणि आता भक्तांकडं पैसा आला तसं त्याच देवाला काँक्रीटचा सभामंडप पाहिजे, म्हणून राईतलीच झाडं पडतात. देवाच्या धाकावर सोडलेलं झाड देवाच्या नावानंच तोडता येतं. आम्ही देव १९५६ ला सोडले. झाड सोडलेलं नाही. ज्या झाडाखाली सिद्धार्थ गौतम बुद्ध झाला तो पिंपळ आमच्या विहाराच्या अंगणात असतो. तांबट, कुटुर्गा, हरियाल त्याच्यावर येतात, त्यांना वंदना म्हणता येत नाही तरी येतात.

म्हणून घरचंही बोलतो. विहाराच्या अंगणाला फरशी पाहिजे म्हणून, भिंतीला मुळ्या शिरतात म्हणून, जयंतीला डॉल्बीची भिंत उभारायला जागा होत नाही म्हणून पिंपळाच्या फांद्या छाटणारी कमिटी मी बघितलीय. पिंपळाला छाटलं की फळ जातं, फळ गेलं की केंबरं जातं, पुढचं मघाशी सांगितलं. बागाइतदारावर दगड मारायचा तर आपल्या अंगणातलं झाड जागेवर पाहिजे.

आमच्यातल्या कवींना एक विनंती. हे वाचून लगेच 'पंख कापलेलं पाखरू म्हणजे आम्ही' असली कविता लिहू नका. रूपकं ढीगभर झालीत. शामा दलित नाही, शामा एक पाखरू आहे, त्याला किडे पाहिजेत आणि निरगुडीची दाटी पाहिजे. आपण माणसं आहोत, आपल्याला मोर्चा काढता येतो, अर्ज करता येतो, मतदान करता येतं. पाखराला ह्यातलं काही येत नाही. २०२४ ला शक्तिपीठ महामार्गाविरुद्ध कोल्हापूर जिल्हा पेटला, बागाइतदार सातबारा हातात धरून रस्त्यावर आला. त्याचं बरोबर होतं, त्याची जमीन जात होती. पण त्याच रानात राबणाऱ्या मजुराच्या हातात धरायला कागद नव्हता, आणि ओढ्याकाठच्या करंजाच्या बाजूनं बोलायला तर कुणीच नव्हतं. नुकसानभरपाईच्या तक्त्यात मालकाला रकाना असतो. मजुराला नसतो.

तर काय करायचं? भाषणं पुरे. गावनकाशात ओढ्याची रेघ आहे, गायरानाचा गट आहे, पाणंदीची तुटक रेघ आहे. हे नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात, दिले नाहीत तर माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. प्रत्येक शाखेनं आपल्या गावचा नकाशा काढायचा. ओढ्याच्या मोजणीची मागणी ग्रामसभेत लेखी करायची आणि इतिवृत्तात घ्यायला लावायची. कलम ५० खाली पहिली नोटीस ओढा खाणाऱ्याला, ती निघाल्याशिवाय गायरानावरच्या एकाही घराला हात लावू द्यायचा नाही. मोकळा झालेला काठ पुन्हा बागाइतदाराच्या वृक्षारोपण समितीला नाही, भूमिहीन बायकांच्या गटाला द्यायचा. लाकूडफाटा, पाला, वेळू, जांभूळ त्यांचं, आणि उंबर-करंज-निरगुडी राखायची जबाबदारी त्यांची, रोजगार हमीची मजुरी धरून. ज्याच्या हातात हक्क त्याचा फायदा, आणि फायदा झाडात असला की झाड राहतं, हे सुपारीवाल्यांकडनं शिकलोय. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक गावाला जैवविविधता समिती आणि नोंदवही ठेवायला लावलीय. बहुतेक गावांत ती वही कुणीतरी शहरात बसून भरली. ती परत उघडायला लावा, आणि आपल्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांना त्यात बोलू द्या. कुठल्या ओढ्याला कुठलं पाखरू होतं हे त्यांना इंग्रजी नावाशिवाय माहीत आहे.

बावड्यापासनं सुरुवात करू. पावसाळा संपला आणि पाणी उतरलं की पहिल्या रविवारी सकाळी सातला राजाराम बंधाऱ्यावर या. तिथनं काठानं वर चालत जायचं, जिथं जिथं ओढा नदीला मिळतो तिथं थांबून रुंदी मोजायची आणि नकाशातल्या रुंदीशेजारी लिहायची. दुर्बीणवाल्यांनाही निरोप दिलाय. टेप मी आणतो.